फायटरची बरणी आणि मनूचा घडा

क्रॉफर्ड मार्केटमध्ये माशांच्या दुकानापुढे उभं राहिलं की मोठ्या टाक्यांच्या आधी नजर जाते ती फळीवर मांडलेल्या लहान लहान बरण्यांकडे. प्रत्येक बरणीत एकच मासा. कुणी गर्द निळा, कुणी लालभडक, कुणाचे पर लग्नातल्या शालूसारखे घोळदार. दोन बरण्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा खोचलेला असतो. तो काढला की दोन्हीकडचे मासे कल्ले फुगवून काचेवर धावतात आणि गिऱ्हाईक खूश होतं. हा फायटर. शास्त्रीय नाव बेट्टा स्प्लेन्डेन्स, मूळ गाव सयाम, म्हणजे आजचं थायलंड. दुकानदाराचं भाषण ठरलेलं असतं: पंप नको, फिल्टर नको, मोठी टाकी तर नकोच. टेबलावर बाऊल ठेवा, सकाळ-संध्याकाळ दोन-चार दाणे टाका, झालं.

या भाषणात खोटं फारसं काही नाही. पंचाईत तिथेच आहे.

फायटरच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या अंगाला, घड्याघड्यांचं एक इंद्रिय असतं. त्याला लॅबिरिंथ म्हणतात. मासा पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवेचा घोट घेतो, ती हवा या घड्यांत खेळते आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्या तिच्यातला प्राणवायू शोषून घेतात. भातखाचरात, दलदलीत, थांबलेल्या ओढ्यात उन्हाळ्याचं पाणी तापतं, त्यातला प्राणवायू उतरतो, बाकीचे मासे तळमळतात. हा मात्र वर येऊन श्वास घेतो आणि निभावून नेतो. म्हणून पंप नको, हे खरं. म्हणूनच बरणीही चालते, हे त्याला जोडलेलं वाक्य मात्र वेगळ्या जातीचं आहे. पहिलं शरीरशास्त्राचं आहे, दुसरं नीतीचं. एखाद्या जिवाला कमीत भागवता येतं एवढ्यावरून त्याला कमीच द्यावं, असं ठरतं का? हा प्रश्न माशापुरता नाही हे उघड आहे. तरी इथे तो माशापुरताच धरलेला बरा, कारण माणसांच्या बाबतीत तो विचारला की लगेच आवाज चढतात.

‘तो मूळचा डबक्यातलाच’ असंही एक समर्थन ऐकू येतं. भातखाचर उथळ असतं हे बरोबर, पण ते पसरलेलं किती असतं ते कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको. त्या पाण्यात नर फायटर आपला टापू राखतो. दुसरा नर आला तर दोघे पर ताणून अंग दाखवतात, एकदोन चावे बसतात, आणि बहुधा काही मिनिटांत हरलेला गवतात पसार होतो. झुंज जिवावर बेतते ती भांड्यात, कारण तिथे पळायला जागाच नसते. ज्या स्वभावासाठी फायटर प्रसिद्ध झाला, त्याचा शेवटचा अंक माणसाच्या भांड्याने लिहिला.

सयाममध्ये या झुंजींवर पैजा लागत आणि त्यासाठी मासे निवडून पैदास केली जाई. जनुकांच्या अभ्यासातून 2022 साली पुढे आलेला अंदाज असा की हा मासा पाळीव होऊन किमान एक हजार वर्षं झाली असावीत. 1840 च्या सुमारास सयामचा राजा तिसरा राम याने थिओडोर कँटर या डॉक्टरला काही मासे भेट दिले. कँटरने 1849 मध्ये त्यांचं वर्णन छापलं, नाव देताना त्याची चूक झाली, आणि आजचं नाव चार्ल्स टेट रीगनने 1910 मध्ये दिलं. 2019 च्या फेब्रुवारीत थायलंडच्या मंत्रिमंडळाने फायटरला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. नाखोन पथोमसारख्या भागात आजही तो दारूच्या रिकाम्या चपट्या बाटल्यांत, ओळीने, हजारोंच्या संख्येने वाढवला जातो. कोणत्याही जिवाची हत्या टाळावी हे पहिलं शील मानणाऱ्या देशात राष्ट्रीय मासा बाटलीत राहतो. यावरून थाई माणसाला हसण्याचं कारण नाही. गायीला माता म्हणून संध्याकाळी कचराकुंडीवर सोडणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

आता बाऊलमध्ये नेमकं काय होतं ते पाहू. मासा खातो आणि कल्ल्यांतून, विष्ठेतून अमोनिया बाहेर टाकतो. न खाल्लेला दाणा कुजतो, त्याचाही अमोनिया होतो. मोठ्या, मुरलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूवर राहणारे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट. दोन लिटरच्या बाऊलमध्ये या जिवाणूंना ना जागा ना वेळ. शिवाय पाण्याचा पीएच एकाने चढला की अमोनियातला विषारी वाटा जवळजवळ दहापट होतो, आणि पाणी तापलं की तो आणखी वाढतो. पाणी दिसायला मात्र नितळ असतं. मासा आधी मलूल होतो, पर मिटून तळाशी बसतो, मग परांच्या कडा झिजायला लागतात. लॅबिरिंथ हवेतून प्राणवायू घेतो, पण कल्ले त्याच पाण्यात असतात आणि तिथेच ते भाजून निघतात. ज्या इंद्रियामुळे मासा तग धरतो, त्याच इंद्रियामुळे त्याचे हाल लवकर दिसत नाहीत. गुदमरून लगेच मेला असता तर मालकाने एव्हाना पाणी तरी बदललं असतं.

एक दिवस मासा उलटा तरंगताना दिसतो. घरातलं कुणीतरी वडीलधारं तेव्हा म्हणतं, ‘घरावरचं काहीतरी आलं होतं, त्याने अंगावर घेतलं.’

ही समजूत मराठी घरांतही पक्की आहे आणि वास्तुशास्त्राच्या व फेंगशुईच्या दुकानांनी तिला खतपाणी घातलं आहे. ईशान्येला पाणी, पाण्यात मासा, मासा मेला तर संकट टळलं, ताबडतोब दुसरा आणा. तिच्यातला मायेचा भाग नाकारायचं कारण नाही. लहान मुलाला मरण समजावताना आजीने म्हटलेलं ते वाक्य मुलाचं रडू थांबवतं. पण धर्मविचार म्हणून ते तपासलं तर फार सोयीचं निघतं. अमोनियाने मेलेल्या माशाला त्यात हुतात्मा केलं जातं, आणि ज्याच्या हातून पाणी बदलायचं राहिलं तो उपकृत भक्त ठरतो. बळी देणाऱ्याला निदान आपण बळी देतो आहोत हे माहीत असतं. इथे बळीही गेला, पुण्यही मिळालं, आणि सुरी कुणाच्या हातात होती हा प्रश्नच उठला नाही. कर्मविचार मानणाऱ्या घरात तरी हा हिशेब पटायला नको, कारण एकाचं कर्म दुसऱ्याने परस्पर फेडून टाकावं, तेही त्या दुसऱ्याला न विचारता, अशी सवलत तिथे सहज मिळत नाही.

भांड्यात मासा ठेवण्याची आपल्याकडची सर्वांत जुनी गोष्ट तर याच्या अगदी उलट्या वळणाची आहे. शतपथ ब्राह्मणात मनू सकाळी हात धूत असताना ओंजळीत एक छोटा मासा येतो. तो म्हणतो, मला सांभाळ, मी तुला तारेन. लहान आहोत तोवर आम्हाला मोठं भय असतं, कारण मासाच माशाला गिळतो. आणि मग तो आपल्या राहण्याची सोय स्वतःच सांगतो: आधी घड्यात ठेव; घडा पुरेनासा झाला की खड्डा खणून त्यात ठेव; तोही अपुरा पडला की समुद्रात ने. मनू तसंच करतो. पुढे पूर येतो आणि मासा मनूची नाव ओढून नेतो. महाभारताच्या वनपर्वात घड्यानंतर तळं, गंगा आणि मग समुद्र येतो. मत्स्यपुराणात कमंडलूपासून सुरुवात होते. भागवतात सत्यव्रत राजाच्या कलशात मासा एका रात्रीत मावेनासा होतो. विष्णूचा पहिला अवतार म्हणून ही कथा सगळ्यांना पाठ आहे, पण कीर्तनात रंगतो तो पूर आणि ती नाव. घडा, खड्डा, समुद्र हा मधला भाग घाईत उरकला जातो. खरं तर कथेचा अर्धा जीव तिथे आहे. मनूची परीक्षा पुरात झालीच नाही. ती झाली भांडं बदलताना. माशाला लागते तेवढी जागा देत राहणं, ती पुरेनाशी झाली की कुरकूर न करता मोठी करणं, आणि शेवटी आपल्या हातातून जाऊ देणं, एवढंच त्याने केलं.

फायटर मनूच्या माशासारखा वाढत नाही. पूर्ण वाढ झाल्यावरही सहा-सात सेंटिमीटर. आणि बोलत तर नाहीच. त्यामुळे त्याची जागा कमी पडते आहे हे सांगायला कुणी नाही.

जैन परंपरेने या अडचणीवर फार व्यवहारी उत्तर काढलेलं आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या अहिंसाव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला डाग लावणाऱ्या गोष्टी, मोजून दिल्या आहेत: बंध, वध म्हणजे इथे मारहाण, छेद, अतिभार लादणं आणि अन्नपाणी तोडणं. यादी सुरू होते ती बांधून किंवा कोंडून ठेवण्यापासून. मारणं तर हिंसा आहेच, ते वेगळं सांगायला नको. पण जीव न घेताही हिंसा कशी होते याची ही गृहस्थासाठी केलेली यादी आहे. मासा जिवंत आहे, दाणे खातो आहे, म्हणून सगळं ठीक, हा युक्तिवाद इथे टिकत नाही. आपल्या संसदेने 1960 मध्ये केलेला प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदाही योगायोगाने तेच म्हणतो. त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, आणि हालचालीला पुरेशी लांबी, रुंदी, उंची नसलेल्या पिंजऱ्यात किंवा भांड्यात प्राणी ठेवणं हा कलम 11 खाली गुन्हा. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. बहुतेक फायटर त्यापेक्षा महाग मिळतात.

‘पण आमचा मासा आनंदात आहे हो. बघा, फेसाचं घरटं बांधलंय!’ हा मालकांचा हुकमी पुरावा. नर फायटर लाळेने बुडबुडे चिकटवून पृष्ठभागावर फेसाचा थर करतो. मादीने दिलेली अंडी तोंडाने उचलून तो त्यात ठेवतो, खाली पडली की पुन्हा उचलून वर नेतो, आणि पिल्लं निघेपर्यंत पहारा करतो. बाप म्हणून हा मासा पहिल्या नंबरचा आहे. पण घरटं बांधणं ही त्याच्या शरीराची सवय आहे. मादी नसली, जागा कमी असली, पाणी फारसं चांगलं नसलं तरी तो बांधतो. त्यावरून समाधानाचा दाखला देता येत नाही. माशाचं सुख माणसाला कसं कळावं, हा वाद चीनमध्ये झुआंगझीच्या नावावरच्या ग्रंथात येतो. हाओ नदीच्या पुलावरून झुआंगझी म्हणतो की हे मासे मजेत आहेत. त्याचा मित्र हुइझी विचारतो, तू मासा नाहीस, मग तुला कसं कळलं? वादाचा शेवट झुआंगझीच्या चतुराईने होतो आणि वाचक सहसा त्याच्या बाजूचे होतात. एक तपशील मात्र सुटतो. ते मासे नदीत होते. पुलावरून खाली वाकून काढलेला निष्कर्ष बरणीत डोकावून काढता येईलच असं नाही.

अमर्त्य सेन यांनी माणसांबद्दल मांडलेला एक मुद्दा इथे जास्त उपयोगी पडतो. दीर्घकाळ वंचित राहिलेला माणूस आपल्या अपेक्षाच खाली आणतो, थोडक्यात राजी व्हायला शिकतो. म्हणून त्याच्या चेहऱ्यावरच्या समाधानावरून त्याचं बरं चाललं आहे असं मोजणं फसवं ठरतं. त्याला काय करता येतं, काय होता येतं, हे पाहायला हवं. फायटरला अपेक्षा असतात की नाही हे बाजूला ठेवलं तरी दुसरा अर्धा भाग त्याला लागू करता येतो. त्याला पोहता येतं का? पानाआड लपता येतं का? शत्रू दिसला तर पळता येतं का? गोल बाऊलमध्ये शत्रू म्हणजे बऱ्याचदा काचेतलं त्याचं स्वतःचंच प्रतिबिंब असतं, आणि त्याच्यापासून पळून जायचं कुठे?

इटलीतल्या मोंझा शहराच्या नगरपालिकेने 2004 मध्ये गोल बाऊलमध्ये मासे ठेवायला बंदी घातली. वाकड्या काचेतून माशाला जग वेडंवाकडं दिसतं, हे क्रौर्य आहे, असं कारण दिलं गेलं. पुढच्या वर्षी रोमनेही गोल बाऊल बंद केले. स्टीफन हॉकिंग आणि लिओनार्ड म्लोडिनाव यांनी 2010 च्या पुस्तकात मोंझाचा हा किस्सा घेऊन विचारलं की आपण तरी एखाद्या मोठ्या बाऊलमधून विश्व पाहत नाही कशावरून? प्रश्न झकास आहे. फक्त त्यात मासा उपमेपुरता राहतो आणि पाणी कुणी बदलायचं हे तसंच राहून जातं. तत्त्वज्ञांच्या हाती लागलेल्या प्राण्यांचं बऱ्याचदा असं होतं.

मग सोडून द्यावा का? मनूने शेवटी समुद्रातच नेला. बौद्ध देशांत पुण्यासाठी मासे सोडण्याची चाल आहे, आणि पुण्या-मुंबईतही कंटाळलेले मालक टाकीतले मासे तळ्यात नेऊन सोडतात आणि हलक्या मनाने परततात. पण फायटर इथला नाही. ऑस्ट्रेलियात नॉर्दर्न टेरिटरीतल्या ॲडलेड नदीच्या पाणथळीत माणसांनी पोचवलेले फायटर आता वस्ती करून आहेत, आणि परका मासा स्थानिकांच्या वाट्यात कसा शिरतो हे आपल्याकडच्या नद्यांनीही पाहिलं आहे. उलट बाजूने, झुलत्या परांसाठी पैदास केलेला फायटर मोकळ्या पाण्यात धड पळूही शकत नाही. पहिल्या बगळ्याच्या तो डोळ्यात भरेल. हजार वर्षांच्या पैदाशीने त्याची परतीची वाट बंद केली आहे. म्हणजे त्याला मोक्ष देण्याचा मार्ग मालकाकडे नाही, सांभाळण्याचाच आहे.

पाण्याशी केलेलं पुण्य पाण्याकडे न बघता केलं तर काय होतं, हे वाळकेश्वरच्या बाणगंगेवर दिसतं. सर्वपित्री अमावस्येनंतर तिथे मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या अनेकदा आल्या आहेत. पिंड, पीठ, फुलं पाण्यात पडतात, कुजताना प्राणवायू खातात, आणि मासे गुदमरतात. पितरांना तृप्त करताना कुणाचा श्वास गेला याची दखल त्या विधीत नाही. याच महाराष्ट्रात वाडा तालुक्यातल्या तिळसे इथे शंकराच्या देवळाजवळ वैतरणेचा डोह आहे, महाडजवळ काळ नदीवर वरदायिनी देवीचं वाळणकोंड आहे. तिथले महसीर देवाचे म्हणून कुणी धरत नाही. भाविक कुरमुरे टाकतात आणि मासे नदीतच राहतात. श्रद्धा तीच, फरक एवढाच की तिळशाला आणि वाळणकोंडाला मासा देवाचा आहे आणि पाणीही देवाचंच राहू दिलेलं आहे.

ज्याच्या घरात फायटर आधीच आहे त्याला मात्र डोह देता येणार नाही. त्याने निदान घडा बदलावा. दोन लिटरच्या बाऊलऐवजी पंधरा-वीस लिटरची चौकोनी टाकी, संथ धारेचा स्पंज फिल्टर, वर झाकण, कारण हा मासा उड्या मारतो, आणि झाकण व पाणी यांच्यात हवेला जागा. पाण्याचं तापमान 25 ते 28 अंश. मुंबईत वर्षातला बराच काळ ते आपोआप राहतं, पण पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात हीटरशिवाय मासा गारठून तळाला बसतो. टाकी येईपर्यंत बाऊलच असेल तर एक-दोन दिवसांआड तिसरा हिस्सा ते अर्धं पाणी बदलावं, तेही त्याच तापमानाचं आणि क्लोरिन काढलेलं. दुकानात अँटिक्लोरिनचे थेंब मिळतात. सगळं पाणी एकदम ओतून घासूनपुसून चकाचक बाऊल भरणं ही स्वच्छतेची हौस माशाला धक्का देते. तीन-चार दाणे दिवसातून दोनदा पुरतात. आठवड्यातून एक लंघन त्यालाही मानवतं. बंगल्यांच्या आवारात आणि रस्त्याकडेला गळणारी देशी बदामाची वाळकी पानं धुऊन पाण्यात टाकली की पाणी चहासारखं तांबूस होतं, पीएच थोडा उतरतो आणि माशाला त्याच्या मूळच्या पाण्याची जवळीक मिळते. आरसा दाखवून त्याला फुगवण्याचा खेळ मिनिट-दोन मिनिटांवर नेऊ नये.

एवढं केलं तर फायटर साधारण तीन वर्षं जगतो, कधी चार. त्यानंतर टाकी रिकामी होते आणि घरात पुन्हा तीच चर्चा सुरू होते. मुलांना नवा हवा असतो, आजीला ईशान्य कोपरा मोकळा नको असतो, दुकानदाराकडे फळी भरलेली असते. नाखोन पथोमच्या शेतकऱ्याचं पोट या व्यापारावर आहे, हे म्हणणंही खोटं नाही. तरीही पुढची बरणी घरी आणताना तिच्यातल्या जिवाला घडा, खड्डा आणि समुद्र यांतलं काय देता येणार आहे, हे गल्ल्यावर पैसे ठेवण्याआधी ठरवावं लागेल. ज्याच्याकडे फक्त टेबलाचा कोपरा आहे, त्याने तिथे मनीप्लँट ठेवावा. तो दोन लिटरात सुखाने वाढतो.